सर आले की टेकडी झोपते

सर आले की आमचा लेसर लाजतो, असं प्रयोगशाळेत जो तो म्हणायचा, आणि ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. लेसर माझ्या ताब्यातला. त्याला मी तळहातावरच्या फोडासारखं जपलंय. त्याच्या नावानं कुणी बोटं मोडली की गाठ माझ्याशी!

आमचं काम सांगायला सोपं, करताना मात्र नाकी नऊ येतात. पाण्यात एक पदार्थ विरघळवायचा आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा, जांभळ्याच्याही पलीकडचा प्रकाश मारायचा. फटका बसला की रेणूतून एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि पाण्यात पळतो. पाणी लगेच त्याच्याभोवती गोळा होतं, त्याला कडेवर घेतं. असा कडेवरचा इलेक्ट्रॉन तांबडा प्रकाश मोठ्या चवीनं गिळतो. म्हणून आम्ही त्यातून एक तांबडा किरण सोडून ठेवतो. तो किती गिळला गेला, त्याची पडद्यावर टेकडी उमटते. टेकडी दिसली, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटला.

एकच पीडा असते, ती ऑक्सिजनची. हवेतून पाण्यात शिरतो आणि असले मोकाट इलेक्ट्रॉन मटकावतो. त्याला हुसकून लावायला बाटलीत नायट्रोजनचे बुडबुडे सतत सोडावे लागतात. त्यांचा तो अखंड बुडबुडाट, वर पंपाची घरघर. मी आणि सूनबाई दिवसभर एकमेकींवर ओरडूनच बोलायचो.

सूनबाई म्हणजे सरांची सून. बाटली आणि नळ्या तिच्याकडे, लेसर माझ्याकडे. सर वरच्या मजल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसणारे. या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला हवेत जेवढा जोर लागतो, त्याहून कमी पाण्यात पुरेल, कारण पाणी त्याला झेलायला तयार उभं असतं, हे त्यांनी फार आधी गणितानं मांडलं होतं. तेव्हा लोक हसले होते. मग आमची टेकडी उगवली आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. ती टेकडी उभी असलेली फक्त एकाच माणसानं पाहिली नव्हती. खुद्द सरांनी.

फोन केला की बिचारे लगबगीनं जिना उतरून यायचे. "काय म्हणताय लेसरबाई?" मग सूनबाईला, "डबा पुन्हा घरीच विसरलीस ना?" चार गोष्टी व्हायच्या, चष्मा पुसून व्हायचा, सर पडद्यासमोर बसायचे, आणि टेकडी त्यांच्या डोळ्यांदेखत खचत खचत सपाट. ते वर गेले की थोड्या वेळात टेकडीबाई पुन्हा हजर!

आम्ही काय नाही केलं? त्यांचा मोबाइल बाहेर ठेवला. बूट काढायला लावले, त्यांच्या चालण्यानं जमीन हादरते म्हणून. एकदा तर सूनबाई म्हणाली, "बाबा, श्वास जरा हळू घ्या." त्यांनी तोही हळू घेतला. पण कुठे माशी शिंकायची, देव जाणे.

"पांढऱ्या पायाचा मी," म्हणून सर हसायचे. पण एकदा जिन्यात थांबून म्हणाले, "फोटो पुष्कळ पाहिलेत हो टेकडीचे. पण नातवाचा फोटो बघणं वेगळं आणि नातू बघणं वेगळं." शुक्रवारी ते निवृत्त होणार होते.

शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये निरोपाची भाषणं चालू होती आणि आम्ही दोघी टेकडी राखत बसलो होतो. एवढ्यात दार उघडून सर आत आले.

"पळून आलो!" ते मोठ्यानं म्हणाले. "संचालक आवरतच नाहीत. शेवटी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. आता तुम्ही तोफ डागलीत तरी मला ऐकू येणार नाही, तेव्हा बोलायच्या भानगडीत पडू नका."

सूनबाईचा हात नायट्रोजनच्या नळाकडे गेला, मध्येच थांबला आणि मागे आला.

सर बसले. चष्मा पुसला. माझ्यानं बघवेना, मी फरशीकडे बघत राहिले. मग सूनबाईनं मला असा चिमटा काढला की मी किंचाळलेच. वर पाहिलं तर टेकडी जागेवर. चांगली ताठ!

"हे आत्ताचं आहे?" सरांनी विचारलं. मी मान हलवली. "माझ्यासमोरचं?" पुन्हा हलवली. त्यांनी खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.

मी सूनबाईकडे वळले. "मघाशी हात कुठे नेलास गं?"

"नळ बंद करत होते. या बुडबुडाटात बाबांना काही ऐकू येत नाही ना! ते आले की नेहमीच करते, गेले की पुन्हा उघडते. घरी कुणी आलं की टीव्ही बारीक करतो, तसं. पण आज यंत्रच नाही, तर बंद करून काय..." तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझं तोंड सदा लेसरमध्ये खुपसलेलं, कानात पंपाची घरघर, आणि तिचा हात तिच्या नकळत चालणारा. गॅस थांबला की सैल बुचातून हवा आत, आणि ऑक्सिजनची मेजवानी.

बोलून उपयोग नव्हता. तिनं नळ बंद करून दाखवला. टेकडी खचत गेली. नळ उघडला, आणि हळूहळू ती पुन्हा वर आली. सरांनी टेकडीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"ऑक्सिजन!" ते असे ओरडले की बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. मग पोट धरून हसत सुटले. "म्हणजे इतके दिवस माझे इलेक्ट्रॉन तुझ्या अदबीनं खाल्ले होय?"

सूनबाई रडत होती आणि हसतही होती. सरांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. मग खिशातून यंत्र काढून कानात घातलं. तिचा हात लगेच, सवयीनं, नळाकडे निघाला. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "या खोलीत इतक्या वेळा आलो, पण हा आवाज मला कधी ऐकूच दिला नाहीस."

ते मान तिरपी करून बुडबुडे ऐकत बसले, नजर टेकडीवर. हॉलमधल्या लाउडस्पीकरवरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. आम्ही तिघांनीही तो ऐकला, पण उठलं कुणी नाही.