जुना पार्ट

योगेशचा एक नियम होता आणि तो त्याला वडिलांकडून आला होता. दुरुस्तीवाला कितीही ओळखीचा असो, त्यानं नवा पार्ट बसवला की जुना मागून घ्यायचा. न बदलताच बदलला म्हणून सांगणारे काय कमी आहेत? त्यामुळे नाशकात म्हसरूळच्या त्यांच्या रो-हाऊसच्या मागच्या गॅलरीत मिक्सरची झिजलेली कपलरं, कूलरचा जळका पंप, स्कूटरचे काळे पडलेले प्लग असा सगळा ऐवज जमला होता. त्याची बायको सविता आधी चिडायची, मग तीही तेच करायला लागली. घरात शहाणपणा एकदा शिरला की तो शहाणपणाच आहे का, हे पुन्हा कुणी तपासत नाही.

सविताचा लॅपटॉपही याच मायेनं टिकवलेला. कीबोर्ड बदलून झाला होता, पंखा बदलून झाला होता, बिजागरीला योगेशनं स्वतः बारीक स्क्रू मारला होता. दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांची एक्स्पोर्टची कामं ती घरी बसून करून द्यायची: कुणाची छाटणी कधी झाली, कुठली फवारणी कधी मारली, सगळं वेळेत भरावं लागे. फळ धरण्यासाठीच्या गोडी छाटणीचा हंगाम तोंडावर आला आणि नेमकं तेव्हाच लॅपटॉपचं झाकण बसेनासं झालं. माऊसची पट्टी दाबली जाईना. टेबलावर ठेवला की तो डुगडुगायचा.

पहिल्यांदा ते ओळखलं सासूबाईंनी. कुसाबाई चांदवडकडच्या. लग्नानंतर सगळा जन्म नाशकात गेला तरी बोली तिकडचीच राहिली.

"त्याचं पोट फुगलंय गं," त्या म्हणाल्या. "आमच्या गाईचं असंच फुगलं व्हतं. राती बरी व्हती, सकाळी नाय."

सविताला हसू आलं. तिनं लॅपटॉप उपडा केला. खालचा पत्रा मधोमध वर आला होता. तिनं त्यावर तळहात ठेवला. रात्रीपासून बंद असलेला, चार्जिंगलाही न लावलेला लॅपटॉप हाताला कोमट लागत होता. तिचं हसू तिथंच राहिलं.

द्वारका चौकात लखनचं लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान होतं. लखन म्हणजे बोलघेवडा माणूस, गिऱ्हाईक आत आलं की चहापासून राजकारणापर्यंत सगळं सांगणारा. त्यानं बोलत बोलत स्क्रू काढले, पत्रा उचलला आणि एकदम गप्प झाला. आतली काळी चपटी बॅटरी उशीसारखी टम्म झाली होती.

"ताई, हे मांडीवर घेऊन रिक्षात आलात तुम्ही?"

"मग कसं येणार?"

त्यानं बॅटरी इतक्या हळू सोडवली की सविताही नकळत श्वास धरून बसली.

"लॅपटॉप चालेल, पण वायर लावूनच. लाइट गेली की बंद," तो म्हणाला. "आणि आता नवीन बघाच. याला किती दिवस सलाईन लावणार?"

त्यानं दोन दाखवले. एक इतका पातळ की हातात धरायला भीती वाटावी. दिसायला झकास, पण बॅटरी आत चिकटवलेली, बाकीचंही सगळं एकमेकांत जोडलेलं. एक बिघडलं की अख्खा फेका. दुसरा जाडजूड, धरला तर विटेसारखा, पण मागचे साधे स्क्रू काढले की बॅटरी, मेमरी, कीबोर्ड, ज्याचं त्याचं वेगळं निघायचं. सवितानं स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि लखनच्या समोर तो स्वतः उघडला, बॅटरी काढली, परत बसवली. तिला फार बरं वाटलं. सासर-माहेर, नोकरी-बिकरी, आयुष्यात तिला उघडून बघता येईल असं फारसं काही मिळालं नव्हतं.

"हाच," ती म्हणाली. "उद्या बिघडला तरी माझ्या हातात राहील."

तिनं योगेशला फोन लावला. तो अंबडला कंपनीत होता. त्यालाही जाडजूडच पटला, पण आवाज खाली गेला. "अगं, पितृपक्ष चालू आहे. आईला विचारलंस का?"

विचारायची गरजच नव्हती, पण तिनं घरी फोन लावून विचारलं. "सासरा जेवायच्या आधी घरात नवी वस्तू आणतेस व्हय?" कुसाबाई म्हणाल्या. "घट बसू दे. मंग आण काय आणायचं ते."

सविताला राग आला, चांगलाच आला. गेलेल्या माणसाला लॅपटॉपचं काय पडलंय? पण योगेशच्या वडिलांची तिथी अजून व्हायची होती, आणि त्या पंधरवड्यात कुसाबाईंशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. तिनं जाडजूड लॅपटॉप बाजूला ठेवायला सांगितला, जुना पिशवीत भरला आणि सवयीनं हात पुढे केला.

"जुना पार्ट द्या."

"हा नका नेऊ," लखन म्हणाला. "असे इथं जमा करतो मी, मग पुढे पाठवतो."

"नाही, आमच्याकडे तसंच आहे. द्या."

लखननं खांदे उडवले. गिऱ्हाईकाशी हुज्जत घालून दुकान चालत नाही. बॅटरी पुठ्ठ्यात गुंडाळून देताना मात्र त्यानं बजावलं, "घराबाहेर, कोरड्या वाळूत ठेवा. दाबू नका, टोचू नका, उन्हात नको. आणि ताई, गॅसजवळ तर चुकूनसुद्धा नको."

घरी येऊन सवितानं हे सगळं शब्दन् शब्द योगेशला सांगितलं. योगेश पुठ्ठा घेऊन मागच्या गॅलरीत गेला.

त्या गॅलरीत कुसाबाईंचाही एक संसार होता. त्यांचा उजवा गुडघा कधीचा गेला होता. डॉक्टरांनी बदलायला सांगितला होता. "चालतोय तवर चालू द्या," असं त्या म्हणायच्या, आणि त्या घरात या वाक्याला उत्तर नव्हतं. त्यावरचा त्यांचा इलाज म्हणजे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. नवरा होता तेव्हा त्यानंच त्यात गंगेची, म्हणजे गोदावरीची, वाळू भरून आणली होती. योगेश कामावर गेला की दुपारी त्या गॅलरीत बसायच्या, छोट्या सिलिंडरची शेगडी जमिनीवर पेटवायच्या आणि झाकण लावून तो डबाच वर ठेवायच्या. वाळू सणसणीत तापली की फडक्यात बांधून गुडघा शेकायचा. सविताला हे माहीत होतं. योगेशला नव्हतं. तो सकाळी जायचा, अंधार पडता यायचा, आणि आई विचारल्यावर नेहमी "बरी हाय" म्हणायची.

योगेशला गॅलरीत वाळूचा डबा दिसला. फरशीच्या कामातली उरलेली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं बॅटरी वाळूत उभी खोचली, वरून वाळू सारखी केली, झाकण दाबून बसवलं आणि डबा होता तिथं परत ठेवला. नीटनेटका माणूस तो.

"ठेवली?" सवितानं विचारलं.

"वाळूत. मागच्या बाजूला. एकदम सेफ."

मागच्या बाजूला मोकळ्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं आणि तिथं वाळूचे ढीग पडले होते. ती त्या ढिगाचंच समजली.

कुसाबाईंनीही विचारलं. "ती फुगलेली कुठं ठिवली?"

"बाहेर वाळूत आहे, आई. घरात नाही."

"मंग बरं. असली बला घरात नको."

तिघांनी विचारलं-सांगितलं आणि तिघंही निश्चिंत झाले.

त्या आठवड्यात काही झालं नाही, कारण छोट्या सिलिंडरमधला गॅस संपला होता. कुसाबाईंनी एकदा डबा शेगडीवर ठेवला, लायटर मारून मारून बघितला, कंटाळल्या आणि मलम चोळून गप्प बसल्या. योगेशला सांगितलं नाही. लेकाला कशाला वणवण? डबा रात्रभर शेगडीवर तसाच राहिला. सकाळी कपडे वाळत घालताना सवितानं तो उचलून खाली ठेवला. नेहमीपेक्षा जड लागला, एवढं तिच्या मनात आलं. मग फोन वाजला. दिंडोरीचे झुंबरअप्पा होते, त्यांची छाटणीची तारीख चुकली होती, आणि ती आत गेली.

तिथीच्या दिवशी योगेशनं सुट्टी घेतली. वडे तळायला घरातली शेगडी पुरायची नाही, म्हणून सकाळीच जाऊन त्यानं छोटा सिलिंडर भरून आणला. रेग्युलेटर लावला, पेटवून दाखवला.

"आई, बघ, कसा लागलाय!"

"गुणाचं लेकरू," कुसाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या पहाटेपासून उभ्या होत्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं त्यांनाच करायचं होतं. सवितानं स्टूल पुढं केलं तर ते त्यांनी पायानं बाजूला सारलं. बसून केलेलं त्यांना चालायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. दुपारी पानं वाढून झाली, चार माणसं जेवून गेली, भांडी निघाली, छोटी शेगडी परत गॅलरीत गेली. तोवर कुसाबाईंचा गुडघा नारळाएवढा झाला होता. कुणाला न सांगता, भिंत धरत, त्या मागं गेल्या.

योगेश सोफ्यावर आडवा झाला. सविता लॅपटॉप घेऊन बसली. झुंबरअप्पांच्या बागेची नोंद अर्धी भरून झाली आणि लाइट गेली. स्क्रीन एकदम काळी झाली.

"झालं!" ती ओरडली. "सगळं गेलं. बॅटरी असती तर ही वेळ आली असती का? पितर जेवले, आता तरी नवीन आणायचा ना?"

"आणू की," योगेश डोळे न उघडता म्हणाला. "आणि बॅटरी कुठं पळाली नाहीये. आहे डब्यात."

"कसल्या डब्यात?"

"तो गॅलरीतला. बिस्किटांचा. वाळू होती ना त्यात."

सविता लॅपटॉप बाजूला टाकून उठली. पंखा बंद होता आणि घर शांत होतं, म्हणून तिला पहिल्यांदाच तो आवाज ऐकू आला. मागून शेगडीचा एकसारखा फरफर आवाज येत होता. कधीपासून येत होता कोण जाणे.

ती धावली. गॅलरीच्या दारातच तिच्या नाकात एक गोडसर, उग्र वास घुसला, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा. कुसाबाई जमिनीवर बसल्या होत्या. भिंतीला पाठ, उजवा पाय शेगडीच्या शेजारून लांब पसरलेला, मांडीवर फडकं तयार. डबा निळ्या ज्योतीवर होता आणि आतून सुं सुं आवाज येत होता. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना, तसा.

"आई, उठा! उठा आधी!"

कुसाबाईंनी तिच्याकडे बघितलं. दिवसभराच्या श्रमानं चेहरा उतरला होता, पण त्यांना सुनेची गंमतच वाटली.

"उठता आलं असतं तर शेकत बसले असते का गं?"

सविता गॅसचं बटण बंद करायला वाकली. ज्योत विझली. आतला आवाज थांबला नाही, वाढला. तिनं सासूच्या दोन्ही काखांत हात घातले आणि ओढलं. कुसाबाई किंचाळल्या. गुडघा वाकत नव्हता, पाय शेगडीला अडत होता, आणि मिक्सरची कपलरं, पंप, प्लग, सगळा साठलेला ऐवज त्या चिंचोळ्या जागेत सविताच्या टाचांमागे येत होता.

योगेश दारात आला. त्यानं डबा बघितला, शेगडी बघितली, आईच्या मांडीवरचं फडकं बघितलं.

"आई," तो म्हणाला, "हा डबा तुझा आहे?"

"मंग कोणाचा?" दुखण्यानं डोळ्यात पाणी आलेल्या कुसाबाई म्हणाल्या. "तुझ्या बापानंच भरून दिलेला हाय."

त्याच वेळी डब्याचं झाकण उडालं.