झोपू द्या तिला

"सिस्टर, किती हाका मारायच्या? बायको ओरडतेय इथं!" दीपक अंबडच्या कारखान्यातून ड्युटी टाकून तसाच आला होता.

योगिनीने संजनाची नाडी धरली, सिझेरियनची पट्टी पाहिली. कोरडी होती. "टाके दुखणारच हो, दादा. इंजेक्शन आणते. आवाज खणखणीत आहे, म्हणजे काळजी नाही."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय!"

वळताना तिची नजर पलीकडच्या खाटेवर गेली. सकाळी बाळंत झालेली चंद्रभागा गळ्यापर्यंत गोधडीत होती. उशाशी बाळाला घेऊन सासू, झुंबरबाई.

"अंगावरून किती जातंय, मावशी?"

"लय नाय. निजलीय बघा शांत. दमली पोर. झोपू द्या तिला."

योगिनीच्या आईच्या ऑपरेशननंतर शेजारच्या खाटेवरची बाई फोनवर हेच म्हणाली होती. गाढ झोपल्यात, झोपू द्या. या दिवाळीच्या आधीची गोष्ट. योगिनी सिन्नरहून पोचेपर्यंत आईचा हात गार पडला होता.

"सिस्टर, इंजेक्शन!"

"थांबा."

चंद्रभागाचं कपाळ ओलं, गार लागलं. नाडी बारीक, धावती. योगिनीने गोधडी ओढली.

"वारं लागंल तिला!" झुंबरबाईने टोक धरून ठेवलं.

खाली चादर लाल झाली होती. खाटेखालच्या पिशवीत भिजलेली धडुती, नीट घड्या घालून ठेवलेली.

"डागदर पुरुष मानूस. त्याच्या नजरंला नको, म्हून मीच बदलत व्हते..."

"मोहिनी, डॉक्टरांना बोलव! पळ!" दुसऱ्या नर्सला ओरडून सांगत योगिनीने चंद्रभागाच्या पोटावर हात दाबला. गर्भाशय मऊ, ढिलं. ती जोर लावून चोळू लागली. "दीपकदादा, तो ऑक्सिजनचा सिलिंडर इकडे आणा!"

दीपकने सिलिंडर ओढत आणला. डॉक्टर आले, सलाईन चढलं, औषध गेलं. चंद्रभागाच्या पापण्या मिटत होत्या.

"डोळे उघड! बोल माझ्याशी. नवऱ्याचं नाव काय?"

ओठ हलले, पण नजर सासूकडे गेली.

"घे बाई नाव!" झुंबरबाईचा आवाज फुटला. "माझ्यासमोर घे, मोठ्यानं घे!"

"गो... गोरक्ष."

"परत!"

"गोरक्ष."

योगिनीच्या तळव्याखाली काहीतरी आवळू लागलं, हळूहळू घट्ट झालं. डॉक्टरांनी चादर तपासली, नाडी पाहिली. "थांबलंय. सिस्टर, आता हात काढला तरी चालेल."

योगिनीने मान हलवली. हात काढला नाही.