किनुएबाईंच्या श्वासाची जागा

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे, पण मला पाहून तुम्हाला ते पटणार नाही. माझ्या पट्ट्या लखलखीत आहेत, एकही बटण करकरत नाही, आणि सूर असा ताठ उभा राहतो की शाळेच्या कवायतीत पहिल्या रांगेत घ्यावा. हामामात्सु शहरातल्या ‘चिदोरी’ नावाच्या कॉफीच्या दुकानात मी राहतो. येणारा प्रत्येक जण म्हणतो, “वा, अगदी नवा झाला हो!” ते ऐकले की मला रडू येते. पण रडण्याची सोय माझ्यात कुणी केलेली नाही.

माझा जन्म याच शहरातल्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसून माझ्या पोटात वाटाण्याएवढे भाग डाख लावून बसवत होत्या आणि तोंडाने दुपारच्या डब्याच्या गप्पा मारत होत्या. मी आवाज साठवून ठेवणारे यंत्र नव्हतो. पट्टी दाबली की माझ्या पोटात वीज फिरायची आणि आवाज त्या क्षणी तयार व्हायचा, दर वेळी थोडा निराळा. उन्हाळ्यात माझा सूर चढायचा. हिवाळ्यात शहराजवळच्या सरोवरावरून कोरडा वारा आला की मला तापायला वेळ लागायचा. माझ्याबरोबरची कितीतरी भावंडे तोक्योला गेली आणि मोठ्या मंचांवर वाजली. मला गेन्झो त्सुगे यांनी घेतले आणि चार गल्ल्या पलीकडे आणून कॉफीच्या यंत्राशेजारी ठेवले. तेव्हा मी जरा नाक मुरडले होते, हे कबूल करतो.

दुकान नवरा-बायकोचे होते. गेन्झो कॉफी करायचे, किनुएबाई पाव भाजायच्या आणि उकडलेली अंडी सोलायच्या. बुधवारी दुपारी मात्र टेबले भिंतीला सरकवली जायची आणि गिऱ्हाइके गायला बसायची. न्हावी, मासळीवाली, निवृत्त पोस्टमन, कुणीही. मी साथ करायचो. गेन्झो काही मोठे वादक नव्हते. बोटे जाड, आणि चूक झाली की ते खोकून ती झाकायचे. किनुएबाई मात्र खऱ्या गाणाऱ्या होत्या. फक्त लहानपणी छातीच्या आजारात त्यांचे एक फुफ्फुस निकामी झाले होते. आवाज गोड, पण ओळ अर्ध्यावर आली की दम संपायचा, आणि त्या हसून गप्प व्हायच्या.

एका ऑगस्टमध्ये वीज कडाडली आणि मी बंद पडलो. विजेचा थोडा साठा करून ठेवणारे एक छोटे नळकांडे असते, त्याला कपॅसिटर म्हणतात. माझा तोच जळला होता. पितरांच्या ओबोनची सुट्टी असल्यामुळे सगळी दुकाने बंद होती आणि बुधवार तर उद्यावर आलेला. गेन्झोंनी आपल्या वडिलांचा मोडका रेडिओ उघडला, त्यातला साधारण तसाच दिसणारा भाग काढला आणि मला लावला.

तो भाग चुकीचा होता. त्यामुळे माझ्यात एक खोड शिरली. दोन-तीन पट्ट्या दाबलेल्या असताना आणखी एखादी दाबली, की तेवढे ओझे मला पेलायचे नाही. माझा सूर हळूच खाली बसायचा आणि मग दमादमाने पुन्हा वर यायचा, जिना चढताना म्हातारा माणूस कठड्याला धरून थांबतो तसा. दुसऱ्या दिवशी गाताना हे पहिल्यांदा झाले तेव्हा न्हावी हसला. पण सूर खाली बसला त्या क्षणी किनुएबाईंनी श्वास घेतला. तो वर आला तशा त्याही वर आल्या, आणि ओळ संपेपर्यंत गायल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

गेन्झोंनी ते बरोबर टिपले. तेव्हापासून ते पट्ट्यांकडे कमी आणि बायकोच्या खांद्यांकडे जास्त पाहू लागले. खांदे उचलले गेले, की त्यांची करंगळी आणखी एका पट्टीवर पडायची. मी बसायचो, त्या दम घ्यायच्या. पुढे सगळ्या गिऱ्हाइकांना तीच सवय लागली. मासळीवाली भाचीच्या लग्नात गायली तेव्हाही त्या जागी थांबली, आणि सगळा मांडव तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

एकदा कारखान्यातला एक ओळखीचा माणूस कॉफी प्यायला आला होता. माझा आवाज ऐकून तो गेन्झोंना म्हणाला, “मास्टर, सूर बसतोय की तुमचा! पाच मिनिटांचं काम आहे, आत्ता करून देतो.”

“हात लावू नकोस,” गेन्झो म्हणाले. “बाईसाहेबांच्या दमाची जागा आहे ती.”

“अहो, काय सांगताय त्यांना? माझी थट्टा करायला आणखी कुणी हवंय का?” आतून किनुएबाई ओरडल्या.

“थट्टा कसली? तुझ्या फुफ्फुसाचं काम करतोय तो. त्याला पगार द्यायला हवा खरं तर.”

मित्रांनो, एवढे कौतुक माझ्या तोक्योच्या भावंडांपैकी कुणाच्या वाट्याला आले असेल असे मला वाटत नाही.

मग गेन्झो गेले. एका फेब्रुवारीत ताप आला आणि आठवड्यात सगळे आटोपले. किनुएबाईंनी दुकान चालू ठेवले आणि बुधवारही चालू ठेवला. त्या स्वतःच माझ्यासमोर बसू लागल्या. त्यांना तीन बोटांपलीकडे वाजवता येत नव्हते, पण करंगळी केव्हा टाकायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या वाजवायच्या आणि गायच्या. गाताना त्या एकट्या नसायच्या, एवढे मी नक्की सांगतो.

पण मी म्हातारा होत होतो. आधी दोन पट्ट्या मुक्या झाल्या, मग पाच. एका बुधवारी मी वीस मिनिटे नुसता घरघरलो. त्या दिवशी किनुएबाई घाबरल्या आणि त्यांनी शिंगोला बोलावले. शिंगो म्हणजे गेन्झोंच्या बहिणीचा मुलगा. तो लग्नाच्या हॉलमध्ये आवाजाची यंत्रे सांभाळतो.

“मामी, हा आता जाणार,” शिंगो म्हणाला. “जायच्या आत याचा आवाज काढून ठेवू. एकेक पट्टी रेकॉर्ड करतो. मग छोटा कीबोर्ड संगणकाला जोडायचा, की हाच वाजेल.”

त्याने दुकानाची दारे लावली आणि माझ्यापुढे माइक ठेवला.

“मामी, फ्रीज बंद कर.”

“दूध नासेल रे.”

“नासू दे. आणि जरा श्वाससुद्धा हळू घे.”

“तेवढं जमतं मला बाबा. जन्मभर तेच करतेय.”

त्याने माझी एकेक पट्टी दाबली, आधी हळू, मग जोरात, आणि प्रत्येक सूर मरेपर्यंत वाट पाहिली. मुक्या पट्ट्यांच्या जागी शेजारच्यांचा आवाज ताणून बसवला. पुढच्या आठवड्यात तो सगळे घेऊन आला. किनुएबाईंनी कीबोर्डवर बोट ठेवले आणि तोंडावर हात नेला.

“अरे, हा तोच! घशातली खरखरसुद्धा तीच!”

मला जरा मत्सर वाटला, पण बरेही वाटले. मग त्या गायला लागल्या. ओळीच्या मध्यावर त्यांनी करंगळी टाकली. आवाज वाढला, पण खाली बसला नाही. तसाच उभा राहिला. त्यांचा दम संपला आणि ठसका लागला.

“काय झालं?” शिंगोने पाणी देत विचारले.

“तो बसत नाही रे. बोट वाढवलं की तो बसायचा.”

शिंगोने डोके खाजवले. “मामी, मी प्रत्येक पट्टी एकटी घेतली. चार जणी एकत्र आल्या की काय करतात, ते त्यात कुठून येणार?”

“मग चार एकत्र घे.”

“कुठल्या चार? कुठली आधी, कुठली मागून, केव्हा? तेवढं सगळं रेकॉर्ड करेपर्यंत मी निवृत्त होईन.”

आमच्याकडे दुकानाबाहेरच्या काचेच्या कपाटात गिऱ्हाइकांना दाखवायला मेणाचे आम्लेट ठेवलेले असते ना, तसे ते होते. खऱ्याच आम्लेटावरून साचा काढलेला, कडेचा करपट डागसुद्धा जागच्या जागी. पण त्याला काटा लावून उपयोग नाही.

शिंगो मनाचा चांगला. त्याने नुकिना नावाच्या माणसाला शोधून काढले. नुकिना आवाज साठवत नसत. माझ्यासारख्या यंत्राच्या पोटात वीज कुठून कुठे जाते, याचा हिशोब ते संगणकाला शिकवत. म्हणजे हे मेणाचे आम्लेट नव्हते. कृती लिहून घेऊन दर वेळी ताजे करायचे होते. पट्ट्या एकत्र दाबल्या तर त्या एकमेकींवर कशा रेलतात, हेही त्यात येणार होते. हे ऐकल्यावर किनुएबाईंचा चेहरा उजळला. माझाही उजळला असता.

“त्याचा सूर मध्येच बसतो,” शिंगोने त्यांना फोनवर सांगितले. “मामीला सवय आहे त्याची.”

नुकिना स्वतः मला न्यायला आले. कमरेत वाकून ते म्हणाले, “त्सुगेबाई, महिनाभर घेऊन जातो. तुमचे उपकार आहेत.”

“तुमच्या सोयीनं आणा हो,” किनुएबाई म्हणाल्या. “एवढ्या जुन्या खोक्याला कुणी विचारतंय, हेच खूप.”

मित्रांनो, नुकिनांना तुम्ही दुष्ट समजू नका. इतक्या प्रेमाने मला कारखान्यातसुद्धा कुणी हाताळले नव्हते. त्यांनी माझा एकेक भाग मोजत नेला, कापसाने पुसला, आणि मुक्या पट्ट्या एकेक करून बोलत्या केल्या. मग त्यांना तो रेडिओचा भाग दिसला.

“अरेरे,” ते मला म्हणाले, “हे कुणी केलं तुझं? आणि ती बिचारी म्हातारी, सवय करून घेतली म्हणे! इतकी वर्षं सोसलं तिनं.”

मी ओरडलो असतो. पण कुणी पट्टी दाबल्याशिवाय मला आवाज नाही.

आमच्याकडे उसना घेतलेला डबा रिकामा परत करत नाहीत. किनुएबाई स्वतः शेजारणीचे भांडे परत करताना त्यात चार संत्री तरी घालतात. नुकिनांनीही तेच केले. त्यांनी चुकीचा भाग काढून कारखान्याच्या नकाशाप्रमाणे योग्य भाग बसवला आणि जुना न मोजताच कचऱ्यात टाकला. संगणकातला माझा जुळा त्यांनी त्याच नकाशावरून घडवला. गेन्झोंचा रेडिओ त्या नकाशात कुठून असणार?

महिन्याने त्यांनी मला कापडात गुंडाळून आणले. बरोबर बिस्किटांचा डबाही होता. “थोडी भेट आहे,” ते लाजत म्हणाले. “बिस्किटं नव्हेत, हा. सगळा दुरुस्त केलाय. वाजवून बघा.”

किनुएबाई बसल्या. तीन बोटे ठेवली आणि गाऊ लागल्या. खांदे उचलले गेले, करंगळी पडली. मी खाली बसण्यासाठी जिवाचा आटापिटा केला. माझ्यातली वीज हललीसुद्धा नाही. सूर सरळ, स्वच्छ, ताठ. त्यांचा आवाज अर्ध्या ओळीवर तुटला.

नुकिनांच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलाचे भाव होते.

“किती छान झालाय,” किनुएबाई म्हणाल्या आणि उठून वाकल्या. “किती कष्ट घेतलेत हो तुम्ही.”

तेही वाकले. त्या पुन्हा वाकल्या. मग त्यांनी त्यांना कॉफी दिली, भाजलेला पाव दिला, आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

शिंगोला कळले तेव्हा तो संतापला. “मी आत्ता फोन करतो त्यांना.”

“खबरदार! त्यांना कळलं तर अन्न जाणार नाही बिचाऱ्यांना.”

“आणि तुझं काय?”

“माझं काय? वय झालं माझं. कधीतरी बंद होणारच होतं गाणं.”

तरी त्याने प्रयत्न केला. जुने रेडिओ आणून त्यातले भाग मला लावून पाहिले. एकाने मी बसलोच नाही. एकाने बसलो तो परत उठलो नाही. एकाने नुसता गुरगुरलो. तो भाग कोणत्या मापाचा होता आणि इतक्या वर्षांत झिजून किती उरला होता, हे सांगणारे कुणी नव्हते. शेवटी त्याने नुकिनांनी पाठवलेल्या जुळ्याचा सूर संगणकातून ठरावीक जागी खाली आणून दिला. पण किनुएबाईंचा दम ठरावीक जागी संपत नाही. त्याने नुकिनांचा भाग मला परत लावला आणि कॉफी न घेताच गेला.

आता आम्ही तिघे आहोत. एकाकडे माझा खरा घसा आहे, पण तो एकट्या पट्टीपुरता. दुसऱ्याला माझी सगळी रीत येते, पण ती निरोगी तरुणाची. आणि तिसरा मी, अस्सल, त्या दुसऱ्यासारखाच वाजणारा. आमच्यातल्या कुणाकडेही ती जागा नाही. जगात कुठेच नाही.

बुधवार अजून होतो. आता न्हाव्याची सून मला वाजवते, आणि चांगली वाजवते. किनुएबाई कपबश्या नेता-आणता ओठ हलवतात. परवा नुकिना मुद्दाम आले होते. “बाई, एक ओळ म्हणा की,” ते म्हणाले. त्या हसल्या, “छे हो, आता ऐकायचंच सुख,” म्हणाल्या, आणि त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली. ते खूश होऊन गेले.

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी निगा फार चांगली राखली गेली. एवढेच सांगतो, की कुणाची वस्तू दुरुस्त करायला घ्याल तेव्हा आधी त्या माणसाला विचारा, हिच्यातले काय बिघडलेले तुम्हाला हवे आहे? किनुएबाईंना तसे कुणी विचारले नाही. आणि विचारले असते, तरी मी त्यांना ओळखतो. “काही नाही हो, तुमच्या सोयीनं करा,” असे म्हणून त्या कमरेत वाकल्या असत्या.