फूल-बाग वगळून

सोलो शहरात पाक दर्सोनोंचा आवाज ज्याच्या कानावर पडला नाही, तो माणूस एक तर बहिरा असणार, नाहीतर त्याला कुणी लग्नाला बोलावत नसणार. दुसऱ्याच्या वतीने गोड बोलणं हाच त्यांचा धंदा. आमच्याकडे मागणीच्या दिवशी मुलीचा बाप स्वतः तोंड उघडत नाही. बाप बोलायला लागला तर मनातलं बाहेर पडायची भीती असते. म्हणून बोलायला वेगळा माणूस ठरवतात आणि बाप शेजारी बसून मान डोलावतो. डोक्यावर ब्लांग्कोन टोपी आणि कमरेला मागे क्रिस कट्यार खोचून पाक दर्सोनो उभे राहिले, की कानामागे हात धरून ऐकणारे म्हातारेसुद्धा हात खाली घेत.

त्यांचं एक वाक्य तर शहरभर गाजलेलं. "आमच्या बागेतलं एकुलतं एक फूल आज आपल्या ओंजळीत ठेवतो आहोत, बाग ओसाड होते आहे, पण माळी सुखी आहे." या वाक्याला मुलीची आई हमखास रडायची. ती रडत असताना पाक दर्सोनो डोळ्याच्या कोपऱ्यातून आत मटण कितपत उरलंय याचा अंदाज घ्यायचे. वाक्य इतकं पाठ होतं, की म्हणताना त्यांचं तिथे काही काम नसायचं.

आणि आता मागणी त्यांच्याच घरी येणार होती. एकुलती एक लेक, निंग्रुम. जोगजाच्या विद्यापीठात ती मुलांच्या मनाची दुखणी ऐकायची आणि त्यावर उपाय सांगायची. रोज गाडीने जायची, रोज यायची, आणि आल्यावर उरलेले उपाय बापावर करायची.

"बापाक, रविवारी तुम्हीच बोला," तिने जेवताना जाहीर केलं.

"मग दुसरा कोण बोलणार? गुनादीला तर तुझ्या सासऱ्यांनी आधीच पळवलाय." गुनादी म्हणजे याच धंद्यातला त्यांचा प्रतिस्पर्धी. त्याच्याबद्दल बोलताना पाक दर्सोनोंचा आवाज नेहमीच जरा जास्त गोड व्हायचा.

"पण एक अट. फूल नाही."

"बरं."

"बाग नाही. माळी तर अजिबात नाही."

"अगं, मग उरलं काय?"

"तेच तर मला बघायचंय."

पाक दर्सोनोंनी बायकोकडे बघितलं. बू मुर्यानींनी सांबल चटणीच्या वाटीत डोकं घातलं. बापलेकीच्या भांडणात वाटी हीच सर्वात सुरक्षित जागा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"लहानपणापासून तुमचं ते फूल ऐकतेय," निंग्रुम म्हणाली. "विदुरीच्या लग्नात फूल. त्या भांडकुदळ सुमीच्या लग्नातसुद्धा फूल! मग माझ्यासाठी वेगळं काय ठेवलंत? सगळं एतोक-एतोक, बापाक." एतोक-एतोक म्हणजे पोरं भातुकलीत रिकाम्या करवंटीतून भात वाढतात आणि बाकीची पोरं तो मिटक्या मारत खातात, तसलं. "लग्न झालं की आम्ही दोघं सुराबायाला राहायला जाणार. तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतं, ते मला एकदा तुमच्या स्वतःच्या तोंडून ऐकायचंय. माणसाने अस्सल असावं. आपल्या आत काय आहे ते शांतपणे बघावं, आणि तेच बोलावं."

पाक दर्सोनोंनी भाताचा घास उचलला. अस्सल म्हणे. क्लेवरच्या बाजारात 'अस्सल, अस्सल' म्हणून ओरडून विकतात ती छापील बाटिकच असते, हे तोंडावर आलं होतं, पण पोरीचे डोळे भरलेले दिसले आणि त्यांनी ते भाताबरोबर गिळलं. तिने मागून मागून काय मागितलं, तर बापाचे चार शब्द. आणि तेच आपल्याकडे आहेत की नाहीत याची त्यांना खात्री नव्हती. ही गोष्ट त्यांना फार लागली.

दुसऱ्या दिवशी ते आरशासमोर उभे राहिले, डोळे मिटले, आत काय आहे ते शांतपणे बघितलं. आत गॅस झाला होता. बाकी काही सापडेना. तेव्हा त्यांनी ठरवलं, की एकदम मोठं खरं जमणार नाही, आधी बारीकसारीक खऱ्यावर हात बसवावा.

ते फिरायला निघाले तर शेजारच्या बू सुतार्मी ओट्यावरून नेहमीप्रमाणे ओरडल्या, "मोंगो, पाक! या ना, बसा ना घटकाभर!" यावर 'इंग्गिह, इंग्गिह', म्हणजे हो, हो, म्हणत चालत राहायचं असतं. वर्षानुवर्षं त्या बोलावत होत्या, वर्षानुवर्षं हे चालत होते, आणि त्यामुळेच शेजार टिकला होता. पण आज पाक दर्सोनो थांबले. आत डोकावून बघितलं. घटकाभर बसावंसं खरंच वाटत होतं. ते फाटक उघडून आत गेले आणि बसले.

बू सुतार्मींची पाचावर धारण बसली. केसांना अर्धा कलप लावून झालेला, घरात साखर संपलेली. बिचारीने मागच्या दाराने जाऊन साखर उसनी आणली. ती आणली तरी कुठून, तर बू मुर्यानींकडूनच. कॉफी पुढे ठेवून त्यांनी रीतसर विचारलं, "बेचव झालीय ना हो?"

"हो," पाक दर्सोनो म्हणाले. "आणि पातळ."

संध्याकाळी बू मुर्यानींना तळलेली केळी घेऊन शेजारी माफी मागायला जावं लागलं. परत आल्या त्या फणफणतच. "अहो पाकने, एवढं खरं बोलायची हौस असेल तर घरात बोला! रस्त्यावर कशाला?"

"घरात बोलू? मग तुझ्या आईचं ते—"

"घरातही नको!"

रविवार उजाडला. पाहुणे आले. मुलाचे वडील पाक तिर्तो, रेल्वेतून निवृत्त झालेले, इस्त्रीसुद्धा त्यांच्याकडे बघून ताठ होईल असे. बू तिर्तो जांभळ्या केबायात, चेहऱ्यावर हसू नीट पिन लावून बसवलेलं. मधोमध नवरामुलगा वास्कितो, घामाघूम. आणि गुनादी, नव्याकोऱ्या टोपीत. जोडपं चिकटून राहावं म्हणून चिकट भाताची गोड वाजिक आणि पांढरी जादाह यांची तबकं ओळीने मांडली गेली. जाईचा वास मारणारा गोड चहा झाकणाच्या पेल्यांतून आला. तिसऱ्यांदा 'मोंगो' म्हटल्याशिवाय पाहुण्याने पेल्याला हात लावायचा नसतो. पहिलं मोंगो झालं. निंग्रुम रीतीप्रमाणे आत पडद्यामागे बसली होती, आणि पडदा श्वास घेतल्यासारखा हलत होता.

गुनादीने घसा साफ केला आणि उंची बोलीत सुरुवात केली. आपलं माणूस जितकं खाली पाडाल तितकी मागणी खानदानी, असा आमच्याकडचा रिवाज. गुनादीने कसर ठेवली नाही. "आम्ही पामर आपल्या उंबऱ्याशी कोणत्या तोंडाने यावं? आमचा वास्कितो म्हणजे निव्वळ अडाणी पोर. ना अक्कल, ना शिस्त, ना अंगात कसली कला. आपण त्याला सांभाळून घ्यावं."

इथे मुलीकडच्याने 'छे छे, असं कसं म्हणता' असं म्हणायचं असतं. सगळी मंडळी त्या 'छे छे'ची वाट बघत किंचित पुढे झुकली.

"खरं आहे," पाक दर्सोनो म्हणाले.

पाक तिर्तोंची मान सवयीने डोलायला लागली होती, ती अर्ध्यावर थांबली.

"मागे आला तेव्हा त्याने मोटारसायकल माझ्या ऑर्किडवर लावली," पाक दर्सोनो शांतपणे सांगत होते. "गातो तेव्हा मांजर घर सोडून जातं. अक्कल मध्यम आहे. पण आमच्या हिच्या हातचं सांबल खाऊन तो म्हणाला, जाळ आहे हो, आणि नाक पुसत पुसत पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. आजवर ते खाऊन सगळ्यांनी छान म्हटलंय आणि कुणीही परत घेतलेलं नाही. पोरगा मला आवडतो."

बू तिर्तोंना रागवावं की खूश व्हावं ते कळेना, म्हणून त्यांनी हसूची पिन तशीच राहू दिली. गुनादी मात्र पुरता गोंधळला. 'छे छे'च्या पुढचं त्याला पानंच्या पानं पाठ होतं. 'खरं आहे'च्या पुढे काय म्हणायचं हे त्याला त्याच्या गुरूने शिकवलंच नव्हतं. तो घाईघाईने शेवटाकडे गेला. "तर आमची ही विनंती आपण... मान्य कराल ना?"

बस, एक 'इंग्गिह' म्हटलं की झालं. पडदा हलायचा थांबला. पाक दर्सोनोंना तो थांबलेला दिसला. आपल्या लेकीला आज आपल्या तोंडून खरं ऐकायचंय, ते नाही दिलं तर तिला पुन्हा कधी देणार? त्यांनी डोळे मिटले. तिने सांगितलं होतं तसं शांतपणे आत बघितलं. आणि या वेळी गॅस नव्हता. आत एक गोष्ट अगदी स्वच्छ, ठसठशीत उभी होती.

"ओरा," ते म्हणाले.

म्हणजे नाही. आणि तेही उंची बोलीतलं, लोण्यात तळलेलं 'नाही' नव्हे. पोरांना आणि कोंबड्यांना म्हणतात ते. मागणीच्या बैठकीत हा शब्द सोलो शहराने बहुधा पहिल्यांदाच ऐकला. वास्कितोचा चेहरा जादाहसारखा पांढरा पडला.

"पोरगा चांगला आहे, तुम्ही चांगले आहात, पण मला ती द्यायचीच नाही," पाक दर्सोनो बोलत सुटले. "रोज संध्याकाळी गाडीतून उतरून येते आणि चप्पल काढायच्या आधी मला रागावते. साखर का खाल्ली, औषध का नाही घेतलं, खरं का नाही बोललात. ती गेल्यावर मला कोण रागावणार? बायको रागावते, पण ते ऐकू यायचं केव्हाच बंद झालंय. संध्याकाळ झाली की मी फाटकापाशी जाऊन उभा राहतो. विचारलं तर सांगतो, झाडांना पाणी घालतोय. ते एतोक-एतोक आहे. पाणी सकाळीच घातलेलं असतं."

भिंतीवरची पाल तेवढी चुकचुकली.

"मलाही नाही द्यायचा माझा मुलगा!" बू तिर्तो अचानक म्हणाल्या. पिन निघाली होती. "तुमची पोर त्याला सुराबायाला नेतेय म्हणे! तिथलं पाणी तरी त्याला मानवेल का? पण मला कुणी विचारतं का?"

"मला केव्हापासून चहा प्यायचाय," पाक तिर्तो समोर बघत म्हणाले.

"अहो!" बू तिर्तो म्हणाल्या.

"आणि हा कोट काखेत काचतो."

गुनादीने टोपी काढून मांडीवर ठेवली. बू मुर्यानींनी आजूबाजूला बघितलं, पण आज डोकं घालायला वाटी नव्हती.

पडदा सर्रकन सरकला. बोलावल्याशिवाय मुलीने बाहेर यायचं नसतं, पण निंग्रुम आली. काजळ गालांवर उतरलेलं. "बापाक!"

"काय झालं? तूच म्हणालीस ना, आत बघा आणि तेच बोला?"

"ऐकलं मी. सगळं ऐकलं." ती रडत होती आणि मध्येच हसत होती. "मला हवं होतं त्याच्याहून जास्त मिळालं. पण बापाक, आता... आता ते तुमचं फूल म्हणा ना!"

"फूल?"

"हो."

"आणि बाग?"

"बागसुद्धा."

"माळी?"

"सगळं म्हणा हो! मला लग्न करायचंय!"

पाक दर्सोनो उठले. टोपी सरळ केली. पाठ ताठ झाली, आणि तोच आवाज निघाला, शहरभर लग्नं लावून आलेला, मधात भिजलेला. पाहुण्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. गुनादीनेही टोपी परत डोक्यावर ठेवली.

"आमच्या बागेतलं एकुलतं एक फूल आज आपल्या ओंजळीत ठेवतो आहोत," ते म्हणाले. "बाग ओसाड होते आहे..."

आणि थांबले. किती घरांत, किती बापांच्या शेजारी उभं राहून त्यांनी हे म्हटलं होतं. ते सगळे बाप मान खाली घालून का बसायचे, हे त्यांना आज कळलं. शब्द जुनेच होते, खरेही होते. आत्तापर्यंत मालक दुसरे होते इतकंच.

"...पण माळी," ते म्हणाले. पुढचं येईना.

निंग्रुम अगदी हळू म्हणाली, "सुखी आहे."

पाक दर्सोनोंनी तिच्याकडे बघितलं. "नक्की?"

"एतोक-एतोक म्हणा, बापाक," ती नाक ओढत म्हणाली.

"पण माळी सुखी आहे," पाक दर्सोनो म्हणाले. बैठकीतल्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि मागणी मान्य झाली.

आता रीत म्हणून गुनादीने मुलीकडे वळून विचारलं, "आणि न्दुक, पोरी, तुझं काय म्हणणं?" निंग्रुमने या प्रश्नासाठी चांगलं लांबलचक, अस्सल, स्वतःचं उत्तर तयार ठेवलं होतं. वास्कितोने आशेने मान वर केली. तिने एकदा बापाकडे बघितलं, खाली बघितलं, आणि तिच्या पणजीने म्हटलं असेल तेच म्हणाली, "बापाक म्हणतील तसं."

बू मुर्यानींनी डोळे पुसले आणि भराभर दुसरं आणि तिसरं मोंगो एकदमच म्हणून टाकलं. झाकणं निघाली. एवढा वेळ गेल्यावर चहा कसला राहतोय, पार गार होऊन गेला होता. पाक तिर्तोंनी मोठा घोट घेतला.

"गार झालाय का हो?" बू मुर्यानींनी विचारलं.

सगळी बैठक श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"छे छे," पाक तिर्तो म्हणाले. "अगदी गरमागरम आहे."