कटरचा आवाज

मशीन सुरू व्हायचं, पण लाकडात घातलं की दम सोडायचं. मैनाकाकींच्या गोठ्याकडे कललेल्या फणसाच्या फांद्या उतरवण्यातच दुपार झाली होती. खोड अजून उभंच होतं.

"नवीन घे आता," शिवा म्हणाला. "आठ वर्षं काढलीन याने."

पूर्णगडच्या वरच्या वाड्यांत दोघं बावीस वर्षं झाडं तोडत होते. कापायचा कटर सदूकडे, झाड ओढायचा दोर शिवाकडे.

"इंजिन ठणठणीत आहे," सदू म्हणाला आणि गोणपाट पसरून बसला. चेन सकाळीच कानशीने पाजळलेली होती. फिल्टर झटकलेला, पेट्रोल ताजं. प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला. कालच तर नवा घातला होता. म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं.

"कार्बोरेटर गेला तुझा."

 कार्बोरेटरचा, पेट्रोल कमीजास्त करायचा स्क्रू सदूने स्वतः लावला होता, कानाने. जयगडपर्यंतची माणसं आपली मशीनं त्याच्याकडे स्क्रू लावायला आणायची. पूर्ण रेस द्यायची, आवाज ऐकायचा आणि हात थांबवायचा. एवढंच तो करायचा. आताही प्लग पुसून बसवला, रेस दिली, स्क्रू फिरवला आणि मान हलवली.

"हां, आता बरोबर."

"बरोबर?" शिवा ओरडला. "मेल्या, नुसतं भडभडतंय. धूर बघ!"

"कान तपासून घे तुझे." सदूने मशीन बंद केलं.

मैनाकाकी चहा घेऊन त्याच्यासमोर आल्या. "माझे पण तपासायचे काय रे? मघाशी मशीन बंद असताना दोनदा हाक मारली तुला मागून. शिवा वळला, तू आपला ढिम्म."

त्या हसल्या. सदू हसला नाही. चहा तसाच ठेवून त्याने स्क्रूड्रायव्हर शिवापुढे धरला.

"तू लाव. भडभड थांबेपर्यंत आत फिरव, मग किंचित मागे घे."

"मी दोरवाला माणूस..."

"लाव म्हणतो ना."

शिवाने स्क्रू फिरवला. सदूला वाटलं, आवाज मेला. दूर कुठेतरी गेला. त्याने स्वतः लावला असता तर स्क्रू इथून मागेच घेतला असता. पण धूर विरळ झाला होता. त्याने पडलेल्या फांदीवर पातं टेकवलं. ते सरळ खाली गेलं आणि लांब, जाड चुरा पायावर उडाला.

शिमग्यापासून हे असंच चाललं होतं. ओळखीचा भरदार आवाज येईपर्यंत तो स्क्रू उघडत होता आणि मशीन बिचारं पेट्रोलमध्ये बुडत होतं.

"वाचलं की रे!" शिवा खूश झाला. "चल, खोड घेऊ."

खोडाला पाडायच्या बाजूची खाच सदूने पाडून ठेवलीच होती. राहिला होता मागचा काप. झाड जाण्याआधी आतून बारीक चिरल्यासारखा आवाज येतो. तो आला की मागे सरायचं. बावीस वर्षं त्याचे पाय त्या आवाजावर हलत आले होते. शेवटचा कधी ऐकला, ते त्याला आठवेना. गेल्या महिन्यातला आंबा तर न सांगताच गेला होता. गाभा किडका असेल, असं तेव्हा त्याने म्हटलं होतं. शिवा ओरडला म्हणून सदू वाचला होता, आणि वर त्यालाच शिव्या घातल्या होत्या.

"तू काप," सदू म्हणाला.

"आणि दोर?"

"मी धरतो."

शिवाने थट्टा करायला तोंड उघडलं, मग त्याच्याकडे नीट पाहिलं. "डॉक्टरला दाखव आधी. मळ असेल नुसता."

"दाखवीन. फणस आज पाडायचाय. शेवटची चार बोटं लाकूड राहिलं की हळू जा. आतून चिरलं की मशीन तिथेच सोड आणि मागे हो. मशीनचा विचार करायचा नाय."

"एवढा जीव टाकून दुरुस्त केलंस ते?"

"नवीन घेता येतं."

काकींनी गुरं लांब नेली. सदूने फणसाला बांधलेल्या दोराचा माडाच्या बुंध्याभोवती वेढा दिला, टाच जांभ्याच्या कडेला रोवली आणि नजर शिवाच्या पायांवर ठेवली. ते मागे सरले की दोर ओढायचा होता.