गरम खोलीचा व्हेंटिलेटर

छताच्या हातभर खाली, भिंतीत चिणलेली एक लोखंडी चौकट, तिच्या मधोमध आडवी कांब आणि त्या कांबीवर फिरणारी जाड काच, एवढाच माझा पसारा. खालून दोरी ओढली की मी उघडतो आणि सैल सोडली की मिटतो. मित्रांनो, मी व्हेंटिलेटर. हल्ली हे नाव ऐकले की लोकांचे चेहरे उतरतात. पूर्वी तसे नव्हते.

माझा जन्म मार खाऊन झाला. लोहाराने पट्टी भट्टीत लाल केली, ऐरणीवर धरली आणि त्याच्या भावाने घण घातले. कोपरे चौकोनी होईपर्यंत त्याने हात थांबवला नाही. एका घणाला पट्टी निसटली आणि लोहाराच्या अंगठ्याचे नख उडाले. त्याने शिवी दिली, अंगठा पाण्यात बुडवला आणि पुन्हा पट्टी धरली. मला भिंतीत बसवले तेव्हा माझ्या एका कोपऱ्यावर त्याच्या रक्ताचा काळा डाग होता. पुढे त्यावर रंगाचे इतके हात चढले की तो मलाही दिसेनासा झाला.

ही इमारत तेव्हा धान्याचे कोठार होती. दारात बायका सुपाने धान्य उफणत आणि त्यातला भुसा वाऱ्याबरोबर माझ्यातून बाहेर जाई. कोठार बंद पडल्यावर इथे संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरू लागला. शिकायला येत ते दिवसभर पोती वाहणारे हमाल आणि गिरणीतले कामगार. शिकवणारे गुरुजी सडपातळ होते आणि शब्द सोलून दाखवण्याची त्यांना हौस होती. एकदा त्यांनी छडी माझ्याकडे रोखली.

"हा वर बसलाय तो कोण?"

"व्हेंटिलेटर, गुरुजी."

"याचं मूळ वाऱ्यात. आधी अर्थ होता वारा घालणं. मग धान्य उफणणं. मग जहाजांच्या तळाशी आणि तुरुंगात माणसं गुदमरून मरायला लागली, तेव्हा त्यांना हवा पुरवायला मोठाले भाते बसवले. त्या भात्यांना हे नाव पडलं. पुढे आपलं गाऱ्हाणं चारचौघांत मांडणं, त्यालाही हाच शब्द. आणि तिकडच्या बंदूकवाल्यांनी तर कमाल केली. माणसाच्या अंगात गोळ्यांनी भोकं पाडायची, त्यालाही हाच."

मागच्या बाकावरचा एक दांडगा हमाल म्हणाला, "वारा घालण्यापासून गोळी घालण्यापर्यंत? फार लांब गेला हो शब्द, गुरुजी."

सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले.

पुढे त्याच वर्गाने गिरणीतल्या कोंदट खात्याबद्दल एक अर्ज इंग्रजीत लिहिला आणि गुरुजींनी तो गिरणीच्या फाटकापाशी उभे राहून मोठ्याने वाचला. दुसऱ्या संध्याकाळी मालकाची माणसे गज घेऊन आली. आधी त्यांनी फळा फोडला, मग बाक आणि मग गुरुजींचा उजवा हात. पळणाऱ्यांना दारात गाठून मारले. दांडगा हमाल एकटा उलटा फिरला, एकाच्या हातचा गज हिसकावून त्याने दोघांना आडवे केले. तिसऱ्याने पिस्तूल काढले. हमाल माझ्याखाली भिंतीला टेकून बसला, पोटावर दोन्ही हात दाबून, आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत राहिले. बारुदाचा धूर माझ्यातूनच बाहेर गेला. तो वर्ग पुन्हा भरला नाही.

बरीच वर्षे मला कोणी हात लावला नाही. कांब गंजली, काचेवर कोळ्यांनी संसार मांडले. मग उस्ताद आला.

उस्ताद हे त्याचे टोपणनाव. तो मुष्टियोद्धा होता. नाक दोनदा मोडलेले, भुवया टाके घालून शिवलेल्या. त्याने कांबीला तेल दिले, नवी दोरी लावली, खाली दोरखंडांचे रिंगण उभारले आणि वाळूच्या पिशव्या टांगल्या. मागच्या दोन खोल्यांत त्याचा संसार होता. दोन मुली आणि बहीण. बायको धाकटीच्या लहानपणीच वारली होती. थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकटीचे नाव पडले होते ठिणगी, कारण ती घंटा वाजायच्या आधीच अंगावर जाई. मुलींची आत्या इस्पितळात परिचारिका होती.

मित्रांनो, त्या खोलीत मी जे पाहिले ते हळुवार नव्हते. दात चिमणीच्या अंड्यासारखे जमिनीवर पडलेले पाहिले. बरगडी मोडल्याचा आवाज मला इतर आवाजांतून ओळखता येऊ लागला. ताई आणि ठिणगी एकमेकींशी सराव करत तेव्हा उस्ताद दोरखंडाला रेलून ओरडे, "ताई, नुसता हात फेकतेस. कंबर फिरव. कंबर." ताई कंबर फिरवत नसे, कारण समोर बहीण असे. ठिणगीला तसला विचार सुचत नसे. ती ताईच्या पोटात ठोसा घाली आणि ताई वाकली की पाठीवर हात फिरवून विचारी, "लागलं का गं?"

"नाही, गुदगुल्या झाल्या," असे ताई श्वास परत आल्यावर म्हणे.

आत्या ड्यूटीवरून येई ती तशीच बाकावर बसे. एकदा ती म्हणाली, "आज व्हेंटिलेटर कमी पडले. दोन पेशंट दुसरीकडे पाठवावे लागले."

"आमचा घेऊन जा ना," ठिणगी माझ्याकडे हनुवटी करत म्हणाली. "तसाही गंजलाय."

"तो नुसता वाट सोडतो, बाई. आमचा छातीत हवा ढकलतो. माणसाला स्वतःला जमेनासं झालं की."

गुरुजींनी हा अर्थ सांगितला नव्हता. तो बहुधा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

आता गरम खोलीबद्दल सांगतो. मुष्टियुद्धात वजनाचे गट असतात. वजनकाट्यावर काटा जरा पुढे गेला तर लढू देत नाहीत. म्हणून लढतीच्या सकाळी अंगातले पाणी काढायची या लोकांची एक रीत होती. दार बंद करायचे, मला मिटायचे, शिडीवर चढून माझ्या फटींवर चिकटपट्टी लावायची. मधोमध गॅसच्या शेगडीवर पाण्याचे मोठे पातेले ठेवायचे. वजन उतरवणाऱ्याने प्लास्टिकचा रेनकोट चढवून आत दोरीवरच्या उड्या मारायच्या. आत तहानेने जीव कासावीस झाला की माणूस दार ठोठावतो, रडतो, पाया पडतो आणि दार उघडले की पाणी पितो. मग काट्यावर नापास होऊन उघडणाऱ्यालाच शिव्या घालतो. म्हणून आत जाणारा आधी बाहेरच्याला शपथ घाली की कितीही हाका मारल्या तरी दार उघडायचे नाही. कडी बाहेरून लागे. त्या खोलीत याला प्रेम समजत.

आत्या चिडे. "वजन नाही उतरत, पाणी उतरतं. आणि ती शेगडी बंद खोलीत पेटवता, हवा काय उरते आत?"

उस्ताद म्हणे, "तू सुया टोच. ठोसे माझ्याकडे सोड."

ठिणगीच्या निवडीच्या लढतीची ती सकाळ होती. ही लढत जिंकली असती तर तिचे नाव मोठ्या संघात गेले असते आणि लढण्याआधी काट्यावरच नापास झाली असती तर सगळे मुसळ केरात. ती थोडी जास्त भरत होती. आत्या इस्पितळात होती. ठिणगीने रेनकोटाची बटणे लावली आणि ताईचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"आईची शपथ घे. उघडायचं नाही."

"मागच्या वेळी तू मला किती शिव्या दिल्यास आतून."

"म्हणूनच म्हणते. काही बोलले तरी ते मी नाही, तहान बोलतेय असं समज."

ताईने शपथ घेतली. कडी लागली.

आधी सगळे नेहमीसारखे होते. दोरी जमिनीवर सपसप आपटत होती. पातेले उकळू लागले, माझ्या काचेवर बाष्प धरले, खालचे मला धूसर दिसू लागले. गरम हवा वर येते, मित्रांनो, म्हणून खोलीचे काय चालले आहे ते आधी मला कळते. ती हवा वर येऊन माझ्यावर थबकली आणि तिला जायला जागा नव्हती. शेगडीची निळी ज्योत पिवळी पडली. दोरीची लय चुकली. ठिणगी एकदा भिंतीवर आदळली, सावरली, पुन्हा उडी मारायला गेली आणि पाय दोरीत अडकून तोंडावर पडली. ओठ फाटला.

तिने दार ठोठावले. "ताई, डोकं फुटतंय. उघड."

बाहेर उस्ताद म्हणाला, "नाटक आहे. मीही असंच केलं होतं."

"बाबा, तिचा आवाज वेगळा येतोय."

"शपथ तू घेतलीस. आता ती रडेल, मग शिव्या देईल. शिव्या आल्या की समजायचं, ठीक आहे."

शिव्या आल्या नाहीत. ठिणगी दाराला खांदा मारू लागली. तिसऱ्या धडकेला खांदा निखळला आणि ती असा आवाज काढून ओरडली जो ठोसा खाल्ल्यावर तिने कधीच काढला नव्हता. मग ती माझ्याखाली आली. माझी दोरी तिने चांगल्या हाताला गुंडाळली आणि सगळा भार टाकून लोंबकळली. चिकटपट्टी सुटली नाही. दोरी तुटली आणि ती पाठीवर आपटली. तिने शेगडीला लाथ घातली, पातेले कलंडले, उकळते पाणी तिच्या पायांवर गेले. ज्योत तरीही विझली नाही. मग तिने हातात येईल ते माझ्यावर फेकायला सुरुवात केली. बूट आले, पण ते भिंतीला लागले. लोखंडी डंबेल उचलून तिने नेम धरला तेव्हा ती डुलत होती. पहिले डंबेल चौकटीवर आदळले. दुसऱ्याने माझी काच फुटली.

काही तुकडे बाहेरच्या बोळात कोसळले, काही आत. एक मोठा तुकडा तिच्या दंडात घुसला. बाहेरची थंड हवा माझ्यातून आत शिरली, पण ती खाली पोहोचायच्या आत ठिणगीचे गुडघे गेले.

काचेचा आवाज ताईने ऐकला. तिने कडीला हात घातला. उस्ताद मध्ये आला.

"आईची शपथ घेतलीस."

"बाजूला व्हा, बाबा."

"आयुष्यभर बोल लावेल तुला."

तिने ठोसा मारला. दाराच्या फटीतून मला तिचा खांदा तेवढा दिसला आणि मग उस्ताद उभ्याचा आडवा झाल्याचा आवाज आला. दार उघडले. ताईने शेगडी बंद केली, ठिणगीला काखेत धरून बोळात ओढले, तिच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकायला लागली. ठिणगीचा चेहरा गुलाबी होता, चांगल्या झोपलेल्या मुलीसारखा, आणि तेच वाईट होते, कारण तो शेगडीच्या विषारी वायूचा रंग होता. छाती आपणहून हलत नव्हती. शेजाऱ्यांनी गाडी आणली. बोळात रक्ताची रेघ वळणापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी ताई एकटी हॉलमध्ये आली आणि काचा गोळा करू लागली. थोड्या वेळाने आत्या आणि उस्ताद आले. उस्तादाचा जबडा सुजून काळानिळा झाला होता.

आत्या म्हणाली, "व्हेंटिलेटरवरच आहे अजून. छाती यंत्र हलवतंय. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही." मग कपाटातून ठिणगीचे कपडे काढताना ती थांबली. "मी इतकी वर्षं तुला सांगत होते, दादा."

उस्ताद ताईसमोर उकिडवा बसला आणि काचा उचलू लागला. जबडा दुखत असल्याने शब्द चघळत, तो म्हणाला, "कंबर फिरवलीस."

ताईने वर पाहिले नाही. "बाबा, ती गेली तर मी तुम्हाला परत मारीन."

"मार," तो म्हणाला. "हात खाली घेऊन उभा राहीन."

ठिणगी मेली नाही. त्या यंत्राने तिच्या छातीत हवा ढकलली, पुन्हा ढकलली, आणि एका सकाळी तिने आपली आपण ओढून घेतली. मी ते यंत्र पाहिलेले नाही. आमच्यात नावाखेरीज काही सारखे नाही. तरी एका गोष्टीसाठी मी त्याच्यापुढे मान झुकवतो, की माझी वाट बंद केल्यावर तिच्यासाठी जे करायला हवे होते ते त्याने केले.

ती परत आली तेव्हा पायांवर भाजल्याचे चट्टे होते, खांदा पट्ट्यात होता आणि घशातल्या नळीने आवाज घोगरा झाला होता. तो तसाच राहिला. दोन वाक्ये बोलली की ती विसरे, तिसऱ्या वाक्याला काय सांगायचे होते. लढणे कायमचे सुटले. ती ताईवर रागावली का, असे शेजारच्यांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "उशीर केला म्हणून रागावलेय." ताई त्यावर हसली आणि मग आत जाऊन रडली. उस्तादाने शेगडी भंगारात घातली. माझी काच बदलायला माणूस आला, त्याला ठिणगीने दारातूनच परत पाठवले. आता मला मिटताच येत नाही. पावसाचे शिंतोडे आत येतात, कबुतरे चौकटीवर भांडतात आणि एकमेकांची पिसे उपटतात.

परवा एक नवी मुलगी काट्यावर जास्त भरली. तिने कुठूनतरी ही रीत ऐकली होती. रेनकोट घेऊनच आली आणि ताईला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा. शपथ घालते, उघडायचं नाही."

ठिणगीने तिच्या हातातला रेनकोट काढून घेतला. "वरच्या गटात लढ."

"त्या मुली केवढ्या आहेत. मारतील मला."

"मारतील," ठिणगी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

आणि त्यांनी मारले. भुवई फाटली, नाक मोडले, ती तिसऱ्या फेरीत पडली. संध्याकाळी तिला हॉलमध्ये आणून बाकावर बसवले आणि आत्या टाके घालू लागली. मुलगी तोंड उघडे टाकून धापा टाकत होती, नाक बंद होते म्हणून, आणि आत्या तिला ओरडत होती, "जरा हळू घे गं श्वास, हात हलतोय माझा."

मित्रांनो, माझ्यासारखे अजून कितीतरी जण भिंतींत आहेत. रंगाने चिकटलेले, फळ्या मारलेले, कागद चिकटवलेले. त्यांना एकदा ढकलून बघा. आणि बंद दाराआडून तुमच्या माणसाने हाक मारली, तर त्याला काय वचन दिले होते ते आठवत बसू नका. आधी दार उघडा. शिव्या तो नंतर देईल. त्या शिव्या द्यायला तो असेल.

त्या मुलीच्या धापा मला वरपर्यंत ऐकू येत होत्या. त्या रात्र पडेपर्यंत थांबल्या नाहीत आणि कोणी त्या थांबवायला सांगितलेही नाही.