ओळीओळीला ‘व्हय जी’

पलटणीत असताना मी एका पुण्याच्या लेखकाची कादंबरी वाचली. खेड्यातली म्हणून हौसेनं उघडली, तर जो तो शेतकरी ओळीओळीला ‘व्हय जी’ म्हणतोय. माझं टाळकंच सटकलं. ‘व्हय’ म्हणतो आमी, पण ते ‘जी’ कुणाच्या बापानं चिकटवलं?

लढाई संपल्यावर मी आष्ट्याला परतलो. एक दिवस तोच लेखक भाषण उरकून मोटारस्टँडवर आला. पुस्तकातल्या फोटोवरनं मी वळखला.

“ही मोटार सांगलीला जाते ना?” त्यानं मला विचारलं.

“व्हय जी.”

“लगेच सुटेल?”

“व्हय जी.”

गडी खुशीत चढला. मोटार हलली तवा मी खिडकीशी जाऊन म्हणालो, “ही इस्लामपूरला जाती. फुडच्या पुस्तकात आमाला एकदा तरी ‘न्हाई’ म्हणू द्या!”